राजम्याची गोधडी

प्रिय लीलाकाकू,

भात शिजायला ठेवलाय आणि ओट्याशी स्टूल ओढून तुम्हाला लिहायला बसले आहे. कोपऱ्यावरच्या बोरकरांचे दादाजी आज सकाळी गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. गल्लीतली पुरुषमंडळी घाटावर गेली आहेत, सुनीलही गेलाय. ती सगळी परत येईपर्यंत बोरकरांच्या घरी शेजारून पिठलं-भाताचा कडू घास पोचायला हवा. तो आज मी नेणार आहे.

हो, मी! हसू नका.

भात माझ्या स्टीलच्या पातेल्यात शिजतोय. त्याच्या शेजारी तुमचा गंज, भाताचं ते मोठं भांडं, ठेवलाय, घासूनपुसून, रिकामा. तो माझ्याकडे आहे हे ओवीशिवाय या गल्लीत कुणालाही माहीत नाही. भात झाला की पातेल्यातूनच न्यायचा, की गंजात काढून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत न्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून हे पत्र. ज्या बाईला तोंड दाखवायची लाज वाटते, तिलाच सगळं सांगावंसं वाटतं, हे काय आहे कोण जाणे!

तुमचा तो जर्मनचा, अ‍ॅल्युमिनियमचा गंज! बुडाशी चेपलेला, एक कान कधीतरी तुटल्यावर पुन्हा ठोकून बसवलेला. गल्लीत कुणाकडे काही बरंवाईट झालं की तो तुमच्या माळ्यावरून उतरायचा. मयताच्या घरी त्या दिवशी गॅस पेटत नाही. माणसं घाटावरून येतात, अंघोळी करतात आणि उपाशीपोटी एकमेकांकडे बघत बसतात. तेवढ्यात फाटक वाजायचं. गंजात कुहीच्या तुमच्या भावाच्या शेतातल्या तांदळाचा भात, त्यावर ठेवलेल्या पातेलीत पिठलं. फोडणी नाही, लसूण नाही, नुसतं मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या. "जेवा जी दोन घास. रडाले बी ताकद लागते," म्हणायचात आणि कुणाला नाही म्हणायची सोयच ठेवायचा नाहीत.

आणि वरून तुमचा तो नियम. त्या घरच्यांनी गंज घासायचा नाही, परत आणून द्यायचा नाही, त्याची आठवणसुद्धा ठेवायची नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच जाऊन न्यायचात. एकदा मी विचारलं होतं, काकू, लोक आणून देतील ना, तुम्ही कशाला गुडघे दुखवता? तर म्हणालात, "दुखाच्या घरच्या माणसाले भांडं घासाले लावू नये वं. त्याचे हात आधीच थकले राह्यते."

मागच्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तो गंज आमच्याकडे आला. मला त्या संध्याकाळचं दुसरं काही धड आठवत नाही, पण त्या पिठल्याची चव आठवते. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, स्वयंपाकघरात डोकावलात, गंजाकडे बघितलंत आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिलात. गुडघा धरला होता. "असू दे तुझ्याजवळच," म्हणालात. "माळ्यावर चढता येत नाही आता मले. लागन तवा मागीन. लागूच नये, देवा!"

काकू, मी त्यात बटाटे भरले.

सांगून टाकलं. आधी वाटलं होतं की हे वाक्य शेवटी लिहीन, जरा हळूहळू तिथपर्यंत जाईन. पण तुमच्याशी काय लपवाछपवी करायची? कांदे-बटाटे ठेवायला मोठं भांडं हवं होतं, ओट्याखाली तो दिसला, झालं. वर्षभर तुमच्या गंजात माझे बटाटे होते.

आता बुधवारचं सांगते. तुमच्या बुधवारचं. त्याआधी माझ्या त्या टॅको-राजम्याचं. तुम्हाला आठवतंय, पहिल्यांदा तुम्ही ते बघितलंत तेव्हा काय म्हणालात? बुधवार बाजारातून तुम्ही सांबाराची हिरवीगार जुडी आणि वांगी घेऊन येत होतात आणि मी शिमला मिरची. तुम्ही माझ्या मागोमाग आत आलात, या स्टुलावर बसलात आणि मी काय करते ते बघत राहिलात.

बुधवारी माझं गणित ठरलेलं असतं. ऑफिसमधून येते ती डोकं उठवूनच येते. सुनील खापरखेड्याहून येतो तो भुकेजलेला, ओवी क्लासमधून येते ती चिडलेली. तिघांनाही एकाच वेळी खायला हवं आणि माझ्यात पोळ्या लाटायचं बळ नसतं. म्हणून सकाळीच राजमा भिजत टाकते आणि पोळ्या मुद्दाम जास्त करून ठेवते. संध्याकाळी आले की राजमा कुकरला. एकीकडे कांदा, टोमॅटो, शिमला मिरची आणि मक्याचे दाणे परतायचे, त्यात टॅको मसाल्याचं पाकीट फोडायचं. जिरं, तिखट, लसणाची पूड, आणखी दोन-चार वासाची पानं, यापलीकडे त्या पाकिटात काही नसतं, हे मीही ओळखून आहे. मग काचेच्या भांड्यात एक थर राजमा, एक थर पोळीचे तुकडे, पुन्हा राजमा, पुन्हा पोळी, वरून किसलेलं चीज आणि भांडं ओव्हनमध्ये. ते वर खरपूस होईस्तोवर मी गॅलरीत चहा घेऊन बसते. आठवड्यातली माझी तेवढीच बसायची वेळ. भांडीही कमी पडतात.

तुम्ही सगळं नीट पाहिलंत आणि म्हणालात, "काय करून राहिली वं अर्चना? राजम्याले पोळीची गोधडी पांघरून निजवून राहिली काय?"

मी चीज किसत होते, त्याकडे बोट दाखवून विचारलंत, "अन् हे वरून काय, रजई?"

मी हसून हसून खाली बसले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव राजम्याची गोधडी! ओवीच्या मैत्रिणीसुद्धा तेच म्हणतात. तुम्ही दोन घास खाल्लेत, "बेस लागते बापा!" म्हणालात आणि काकांसाठी वाटीभर घेऊन गेलात. जाताना ओवीला टोमणा मारायला विसरला नाहीत. "सकायची पोळी दिली का तोंड वाकडं करते, अन् आता त्याच पोळीची वाटी चाटून राहिली!"

तर त्या बुधवारी तुम्ही गेलात. दवाखान्यातून सकाळीच फोन आला. मी रजा टाकली, तुमच्याकडे आले, तुमच्या पायांवर डोकं ठेवलं, तुमच्या वंदनाला धरून रडले. त्या रडण्यात काही खोटं नव्हतं, एवढा विश्वास ठेवा. दुपारी तुम्हाला घेऊन गेले. आम्ही बायका आपापल्या घरी आलो, डोक्यावरून अंघोळी केल्या. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचा फोटो आला, तो हिरव्या लुगड्यातला, आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं येत राहिली. मीही टाकलं. कुणीतरी लिहिलं, आपल्या गल्लीची माउली गेली. त्यालाही सगळ्यांनी हात जोडले.

आणि काकू, एकीनंही विचारलं नाही, की आज पिठलं-भात कोण नेणार?

कुणाच्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल तर वाटलं असेल, कुणीतरी नेईलच. माझ्या डोक्यात आलं होतं का? खरं सांगू? आलं होतं. अंघोळ करताना आलं होतं. आणि पुढच्याच क्षणी मनात आलं की काकू आहेत ना! अशी सवय लावून ठेवली होतीत तुम्ही. तुमच्या मयताचा भातसुद्धा तुम्हीच आणाल, असं धरून बसले होते मी!

मग राजमा भिजलेला होता म्हणून मी तो कुकरला लावला. ओवी सकाळपासून रडून रडून सुजली होती. म्हटलं, पोरीला आवडीचं काहीतरी पोटात जाऊ दे. थर लावले, चीज किसलं. अंधार पडला होता, ओव्हनची घंटी वाजायची होती, आणि फाटकाशी वंदना उभी राहिली. केस ओले, खांद्यावर टॉवेल तसाच.

"वहिनी, दूध असन काय वं घरी थोडंसं? नाही तं बिस्किटं. बाबाले शुगर आहे, सकायपासून काहीच नाही पोटात. हात थरथरून राहिले त्याहिचे."

मला आधी कळलंच नाही की ती माझ्याकडे का मागते आहे. मग कळलं. अख्ख्या गल्लीतून तुमच्या घरी एक घाससुद्धा गेला नव्हता. तुमच्या मागच्या खोलीत कुहीच्या तांदळाचं पोतं भरलेलं होतं आणि त्या घरात गॅस पेटवायचा नव्हता. सगळ्या गल्लीला मयताच्या दिवशी जेवू घालणाऱ्या बाईची लेक दूध-बिस्किटं मागत दारोदार फिरत होती!

तिनं बोल लावला नाही हो. लावला असता तर बरं झालं असतं.

पिठल्याला किती वेळ लागतो, काकू? बेसनाचा डबा हाताशी होता. मी "तू हो पुढं, मी आलेच" म्हटलं आणि आत पळाले. डोकं चालेना. काकांचे हात थरथरत आहेत एवढंच ऐकू येत होतं. ओव्हनची घंटी वाजली. मी ते उकळतं काचेचं भांडं दोन टॉवेलांत धरलं आणि तशीच निघाले.

वास माझ्या आधी तुमच्या घरात पोचला. लसूण, जिरं, भाजलेलं चीज! बैठकीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या, कोपऱ्यात तुमच्या जागेवर दिवा लावलेला होता. सगळ्यांनी नाकं वर करून माझ्याकडे बघितलं. मी मधोमध उभी, हातात ते लालपिवळं बुडबुडे येणारं भांडं. ओव्हनमधून निघाल्यावर ते अजून चरचरत होतं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. भांडं भाजत होतं आणि ते खाली ठेवावं एवढंही सुचेना.

कुहीच्या मामी, तुमच्या भावजय, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "हे काय आणलं वं बाई? आजच्या दिवशी असं तेला-मसाल्याचं खातेत काय? वाढदिवस आहे काय कोणाचा?"

मी म्हटलं, "चुकलं. मी आत्ता पिठलं करून आणते." आणि वळले.

तेव्हा काका बोलले. भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. "अर्चना आहे काय? राजम्याची गोधडी आणली काय तिनं?"

मी हो म्हटलं.

"आण इकडं. लीला सांगे मले. तुम्हाले काय माहीत, तिले लय आवडे ते. दर बुधवारी नाकानं वास घेत राहे खिडकीतून. म्हणे, निजवलं पाह्य अर्चनानं राजम्याले."

आणि ते जेवले, काकू. थरथरत्या हातानं, चीजचे दोर तुटता तुटत नव्हते तरी जेवले. मग वंदना जेवली, तुमचा भाऊ जेवला. मामींनी तोंडाला पदर लावला आणि मग हळूच पुढं सरकून वाटी धरली. तुमचा कडू घास असा झाला. नंतर कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, उलट काका म्हणाले, तिखट बरं आहे, डोळ्यातलं पाणी खपून जाते. मी तिथं एका बाजूला बसून होते आणि मनात म्हणत होते, मला कुणीतरी रागवा.

हे मात्र तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत! दर बुधवारी वास येतो म्हणून? आवडतं म्हणून? भिंतीला भिंत लागलेली, एक हाक मारायची होती. पहिल्या वेळची ती वाटी सोडली तर मी पुन्हा कधी विचारलंसुद्धा नाही. वाटलं, म्हाताऱ्या माणसांना कुठं चीज पचतं. तुम्ही जगाच्या घरी भात घेऊन जायचात आणि स्वतःला काय हवं ते खिडकीतल्या वासावर भागवायचात. याचा मला तुमच्यावर रागही येतो, सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना काचेचं भांडं परत घेऊन आली. लखलखीत घासलेलं. कडेला खरपूस चिकटलेलं चीज निघता निघत नाही, मला माहीत आहे, मी तासभर भिजवून ठेवते ते. आईच्या मयताच्या दुसऱ्या दिवशी ती पोर ते खरवडत बसली होती. तुमचा नियम माझ्या हातून असाही मोडला.

आणि तेव्हाच तिनं विचारलं. "वहिनी, आईचा गंज दिसत नाही कुठं. माळ्यावर पाह्यलं, खाली पाह्यलं. तुमाले माहीत आहे काय कोणाकडं गेला होता तो?"

गंज तिच्यापासून हातभर अंतरावर होता. ओट्याखाली, बटाट्यांनी भरलेला.

मी म्हटलं, "नाही गं. बघते विचारून."

काहून असं केलं मी? स्वतःलाच विचारते आहे तेव्हापासून. मनाशी म्हटलं, तुमचाच नियम आहे, ज्याच्या घरी दुःख झालं त्यानं गंज परत करायचा नाही, ज्याचा आहे त्यानं येऊन न्यायचा. पण हे सगळं मागाहून सुचलेलं. खरं कारण एकच होतं. गंज काढून दिला असता तर तिला दिसलं असतं की तो माझ्याकडे होता. तरी त्या संध्याकाळी मी रिकाम्या डोक्यानं चीज घेऊन गेले होते. गंज होता, तांदूळ होते, बेसन होतं, फक्त मी नव्हते.

तेरवीच्या दोन दिवस आधी वंदनानं ग्रुपवर लिहिलं. आईचा गंज कोणाकडे असेल तर कृपया द्या, तेरवीचा पहिला भात त्यातच शिजावा अशी बाबांची इच्छा आहे. धडाधड उत्तरं आली. आमच्याकडे नाही. आमच्याकडे नाही. माळा बघितला, नाही. मी ते सगळं ऑफिसात बसून वाचलं आणि फोन पालथा घालून ठेवला. तुमच्या तेरवीचा भात मंडपवाल्याकडच्या पातेल्यात शिजला. मी पंगतीत बसून तो भात खाल्ला, काकू. वर वाढणाऱ्याला थोडं वरण मागितलं.

घरी आल्यावर ओवीनं बटाटे काढायला हात घातला आणि थांबली. "आई, हा लीलाआजीचा गंज आहे ना?"

"असेल," मी म्हटलं.

"वंदनाताई शोधत होती."

"तुला काय करायचंय? अभ्यास कर."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि बटाटे उचलले. मोठ्या माणसानं आपल्याला लाज वाटेल असं वागलेलं पोरांना पहिल्यांदा कळतं, तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या आठवड्यापासून बुधवारी खिचडी होते. सुनीलनं विचारलं, "काहून, गोधडी नाही काय आज?" तर ओवीच म्हणाली, "नाही बाबा, आईला बरं नाही वाटत." पोरगी मला पाठीशी घालते आहे. हेही बघायचं होतं मला!

तुमचीही थोडी चूक आहे हं. रागावू नका, पण आहे. इतकी वर्षं तुम्ही एकटीनं हे सगळं केलंत, कधी कुणाला सोबत नेलंत का? कधी म्हणालात का, की अर्चना, आज तू चल, पिठलं तू हाट, मी भात बघते? मी विचारलं असतं तर "राहू दे वं, तुले ऑफिस आहे" म्हणाला असतात. आम्हीही सुखानं राहू दिलं. तुमच्यामागं कोण, हा प्रश्न आम्हाला पडला नाही, तसा तुम्हालाही पडला नव्हता ना? की पडला होता, आणि म्हणूनच गंज माझ्याकडे ठेवलात?

नाही. असा अर्थ मी लावणार नाही. स्वतःला बरं वाटावं म्हणून मयताच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. तुमचे गुडघे दुखत होते, तुम्हाला माळ्यावर चढवत नव्हतं, बस, एवढंच. लागन तवा मागीन, म्हणाला होतात. लागला तो नेमका अशा दिवशी की तुम्ही मागायला नव्हतात, आणि मी न मागता द्यायला हवा होता.

आज सकाळी दादाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी गॅलरीत उभी होते. समोरच्या घरातल्या सुनेनं खिडकीतून तुमच्या घराकडं बघितलं. तिच्या शेजारणीनंही बघितलं. सवयीनं, काकू! तुमच्या बंद खिडकीकडं बघून दोघी आत गेल्या. मला तो बुधवार पुन्हा दिसायला लागला. बोरकरांची सून टॉवेल खांद्यावर टाकून बिस्किटं मागत फिरते आहे असं वाटायला लागलं. ऑफिसला फोन केला, आज येत नाही म्हणून सांगितलं. ग्रुपवर लिहिलं, बोरकरांकडे पिठलं-भात मी नेते आहे. मग बटाटे जमिनीवर ओतले.

गंज घासायला बराच वेळ लागला. बुडाशी माती, एक सडका बटाटा चिकटलेला. चिंच लावली, राख मिळाली नाही म्हणून पावडर लावली. ओवी येऊन बाजूला बसली आणि न सांगता तिनं कान घासायला घेतला. तो ठोकून बसवलेला, वाकडा. "हा असाच राहू द्यायचा ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

आणि इतकं सगळं करून भात मात्र मी स्टीलच्या पातेल्यात टाकला. बघा माझी हिंमत!

कारण बोरकरांकडे जायचं तर तुमच्या फाटकावरून जावं लागतं. वंदना अजून इथंच आहे, महिनाभर राहणार आहे म्हणे. आणि काका घाटावर गेले नाहीत, त्यांना चालवत नाही, ते फाटकाशी खुर्ची टाकून बसलेत. आत्ताच बघून आले. स्टीलचं पातेलं घेऊन गेले तर म्हणतील, अर्चनानं आठवण ठेवली हो, शाबास. गंज घेऊन गेले तर काय म्हणतील, मला माहीत नाही. वंदना माझ्याशी बोलणार नाही कदाचित. बोलूही नये. आणि मला शाबासकी फार हवीशी झाली आहे, काकू, त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते आहे.

पिठलं झालं. फोडणी नाही, लसूण नाही. चव बघितली, तुमच्यासारखं झालं नाही, गुठळ्या राहिल्या आहेत. पण पोट भरेल.

सुनीलचा फोन आला. "निघालो आम्ही. आहे ना तयार?"

आहे म्हटलं.

भात गंजात काढला. पूर्ण पातेलं उपडं केलं, आता मागं फिरायला काही ठेवलं नाही. गंज भरला तसा जड झाला, तुम्ही त्या गुडघ्यांवर तो कसा उचलायचात? एक कान मी धरीन, एक ओवी धरेल. ती चपला घालून दारात उभी आहे. वर फडकं टाकू का, म्हणून विचारत होती. नको म्हटलं. दिसू दे.

तुम्हाला वचन देते. आधी तुमच्या फाटकाशी थांबेन. काकांना सांगेन, हा माझ्याकडे होता, सगळा वेळ होता, मी बोलले नाही. ते जे म्हणतील ते उभं राहून ऐकेन. त्यांनी परत मागितला तर तिसऱ्या दिवशी बोरकरांकडून मी स्वतः जाऊन घेऊन येईन, मी स्वतः घासेन आणि वंदनाच्या हातात देईन. नाही मागितला तर तो माझ्या ओट्यावर उघडा राहील, त्यात पुन्हा कधी काही साठवणार नाही. आणि येत्या बुधवारी राजम्याची गोधडी करेन. पहिली वाटी खिडकीतून काकांना देईन, त्यांनी हाक मारायची वाट न बघता.

येते, काकू. भात गरम आहे तोवर पोचायला हवं.

तुमचा गंज अडवून बसलेली,
अर्चना